पत आणि शेजार : मद्रासमधील एका स्त्रीसंघटनेचे कार्य

‘पत’ ह्या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत. समाजातील मान हा एक, आणि कर्ज मिळण्याची योग्यता हा दुसरा. गरीब कुटुंबाच्या जीवनात हे दोन्ही अर्थ एकच होतात. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे जया अरुणाचलम यांनी १९७८ साली स्थापन केलेल्या ‘वर्किंग विमेन्स फोरम’ ह्या संस्थेचे कार्य ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

फुले, भाजी किंवा इडल्या विकून घर चालविणाऱ्या स्त्रीला पहाटे भांडवल लागते. ते सावकाराकडून घेतले, तर दिवसभराच्या मिळकतीचा मोठा भाग व्याजातच जातो. मग धान्यासाठी, औषधासाठी पुन्हा त्याच दारी जावे लागते. अशा अवाजवी व्याजाला तमिळमध्ये ‘कंदुवट्टी’ म्हणतात. त्याविरुद्ध तमिळनाडूत २००३ साली कायदा झाला. दानाने एका दिवसाची भूक भागते. दुसऱ्या पहाटेचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

राष्ट्रीयीकृत बँकांनी गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज द्यावे, अशी योजना १९७२ पासून होती. परंतु जिच्याजवळ तारण नाही, जिला अर्ज लिहिता येत नाही, तिला बँकेचा उंबरठाच दुर्लंघ्य होता. फोरमने येथे शेजाराला जामीन केले. एकाच वस्तीतील दहा-वीस स्त्रियांचा गट करावयाचा, गटप्रमुख त्यांच्यातूनच निवडावयाची आणि प्रत्येकीच्या परतफेडीची हमी सर्वांनी घ्यावयाची, अशी ही रीत. कोणाचा धंदा कसा चालतो, हे शेजारणीइतके बँकेच्या अधिकाऱ्याला कसे कळावे? पुढे १९८१ साली संस्थेने सभासद स्त्रियांची स्वतंत्र सहकारी पतसंस्थाच उभी केली.

मराठी वाचकाला येथे मुंबईचे स्मरण होईल. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्यांना हाच मार्ग दाखविला. दोन्ही शहरांत स्त्रिया आधीपासून कमावत्या होत्याच. उणीव होती ती त्यांच्या श्रमाला पत देणाऱ्या व्यवस्थेची.

तथापि ह्या रीतीची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. परस्परांची हमी हा जसा आधार, तसाच तो धाकही होय. एकीच्या घरी आजारपण आले की तिचा हप्ता इतरांच्या माथी येतो. म्हणूनच जिचा काहीच भरवसा नाही, अशा अतिदरिद्री स्त्रीला गटात घेताना शेजारणीही कचरतात. कर्ज हे कमावू शकणाऱ्याच्याच उपयोगी पडते. वृद्ध, अपंग व रुग्ण यांच्यासाठी शिधा, औषध आणि निवृत्तिवेतन यांची तरतूद शासनालाच करावी लागेल. शेजार पत मिळवून देऊ शकतो. परंतु ज्याला शेजारही जामीन राहू शकत नाही, त्याची जबाबदारी साऱ्या समाजाची आहे.