आडवाटेवरची हत्यारांची पिशवी



कुपवाडहून निघून मिरज मागे टाकली आणि पूर्वेला दंडोबाच्या डोंगराकडे तोंड केले, की डांबरी रस्ता सोडून द्यावासा वाटतो. शेतांच्या कडेने जाणाऱ्या गाडीवाटा, मुरमाचे चढ, मधूनच एखादा ओढा आणि दुतर्फा बाभळी. अशा आडवाटांनी सायकल किंवा मोटारसायकल घेऊन भटकण्याचा छंद अलीकडे पुष्कळांना लागला आहे. मलाही तो आहे. तुम्ही मात्र अठरा वर्षे पुरी होऊन परवाना हाती येईपर्यंत सायकलवरच भागवा. पदार्थविज्ञान दोन्ही वाहनांना सारखेच लागू पडते.

परतीचा पाऊस नुकताच संपला होता आणि उसाचा हंगाम सुरू झाला होता. त्या सुमारास एका रविवारी माझे दोन माजी विद्यार्थी आणि मी असे तिघे बाहेर पडलो. तासाभरात तीन गोष्टी घडल्या. एका गाडीला काटा लागला. दुसरी गाडी काळ्या मातीत रुतली. आणि थोडे पुढे, उसाची रुतलेली ट्रॉली ओढायला मदत करताना माझ्या हातून एक चूक झाली. पहिल्या दोन प्रसंगांत आमची हत्यारांची पिशवी कामाला आली. तिसऱ्यात हत्यार होते, पण ते कोठे बांधायचे याचा विचार झाला नाही. हे तिन्ही प्रसंग आपण क्रमाने पाहू.

काटा

प्रथम टायरमधली हवा काय करते ते समजून घेऊ. आपला भार टायरचे रबर पेलते असे वाटते, पण खरा भार पेलते ती आत कोंडलेली हवा. पंक्चरवाला ‘तीस पौंड हवा’ म्हणतो, तो पौंड दर चौरस इंचावरचा असतो. आपल्या मापात तो दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.१ किलोग्रॅम-भार होतो. गाडी आणि स्वार मिळून २०० किलोग्रॅम असतील, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर एवढेच टेकतात. म्हणजे तळहाताहून फारसे मोठे नाही!

हवेचा टायर प्रथम सुचला तो स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनला. त्याने १८४५ साली पेटंट घेतले, पण त्या काळी कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने तिला नव्याने जन्म दिला, तो आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी. त्याआधी १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधकाबरोबर रबर तापवण्याची युक्ती सापडली होती. रबराचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. गंधक त्या दोऱ्यांना जागोजागी गाठी मारते, म्हणून रबर ताणले तरी मूळ आकारावर येते. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात.

आता पंक्चर काढू. टायरच्या काठात पोलादी तारेचे कडे असते आणि ते ताणले जात नाही. मग ते रिमवरून बाहेर येते कसे? रिमचा मधला भाग खोलगट असतो. पट्टी लावण्याआधी समोरच्या बाजूचा काठ दाबून त्या खोलगट भागात बसवला, की तेथे वाचलेली लांबी या बाजूला ढिलाई म्हणून मिळते. हे न करता नुसता जोर लावणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या ट्यूबला दुसरे भोक पडते. टायर काढायची पट्टी म्हणजे तरफच. टेकूपासून हाताचे अंतर २० सेंटिमीटर आणि टायरचे अंतर २ सेंटिमीटर असेल, तर तुमचा जोर दसपट होतो.

ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात धरा. बुडबुडे आले तेथे खूण करा. मग पॉलिश पेपरने ती जागा खरवडा. त्याने वरची पावडर आणि जुनी कडक झालेली पापुद्र्यासारखी कातडी निघते, आणि चिकटायला खडबडीत पृष्ठभाग मिळतो. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. या थांबण्यातच खरी मेख आहे. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून गेल्याशिवाय ठिगळ लावले, तर तो आत कोंडतो आणि ठिगळ सुटते. पाचेक मिनिटांनी थराची चकाकी गेली, की ठिगळ लावून जोराने दाबा. चाक परत बसले, की आतली हवाच ते ठिगळ टायरवर दाबून धरते. भोक पाडणारी हवा अशी ठिगळाची पहारेकरीण होते.

एक गोष्ट विसरू नका. बाभळीचा काटा बहुधा मोडतो आणि टोक टायरमध्येच राहते. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. जेथे धागा अडकेल तेथे काटा. बोट फिरवाल तर काटा सापडेल खरा, पण बोटात!

ट्यूबलेस टायरचे काम बाहेरूनच होते. भोक कानशीसारख्या टोच्याने साफ करून त्यात चिकट रबरी दोरी ठासतात. मात्र भोक टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल, तर या दोरीवर भरवसा ठेवू नये. चाकाचा परीघ २ मीटर धरला, तर एका किलोमीटरला ५०० फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात ती भिंत वाकते व सरळ होते. अशा जागी दोरी किती वेळ टिकणार?

शेवटी हवा भरणे. हातपंपाचे नळकांडे तळाशी गरम लागते, कारण हवा दाबण्यासाठी आपण केलेल्या कामाची उष्णता होते. हल्ली १६ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड भरलेली बोटाएवढी नळकांडी मिळतात. त्यांचे उलटे असते. आतला द्रव वायू होताना उष्णता घेतो, आणि नळकांड्यावर हिंव जमते. पण एक नळकांडे पुरेल का? हिशेब करू. ४४ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड नेहमीच्या तपमानाला सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. म्हणून १६ ग्रॅम सुमारे ९ लिटर होईल. सायकलच्या ट्यूबमध्ये २ लिटर जागा असेल, तर तो भरपूर झाला. पण मोटारसायकलच्या टायरात १२ लिटर जागा असेल, तर दाब पाऊण वातावरणाएवढाच वाढेल. म्हणजे निदान तीन नळकांडी हवीत. शिवाय हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. घरी पोचल्यावर पुन्हा साधी हवा भरावी.

चिखल

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातली काळी माती पिकाला चांगली, पण चाकाला वैरी. तिच्यातल्या चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरते, माती फुगते आणि पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. असे होऊन आमच्या दुसऱ्या गाडीचे मागचे चाक आसापर्यंत खाली गेले. विद्यार्थ्याने वेग वाढवला. चाक जागच्या जागी फिरले आणि आणखी चार बोटे खाली गेले. फिरणारे चाक खड्डा खणते, हा पहिला धडा.

आता दोघांनी गाडी सरळ वर उचलायचा प्रयत्न केला. ती हलेना. चिखलातून पाय काढताना बूट मागे राहतो, तोच हा प्रकार. चाकाखाली हवा शिरत नाही, पोकळी होऊ पाहते आणि वरून वातावरणाचा दाब ते चाक खाली धरून ठेवतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम-भार असतो. चाकाचा ३०० चौरस सेंटिमीटर भाग असा चिकटला, तर जास्तीत जास्त ३०० किलोग्रॅम-भाराशी आपली झुंज असते. उपाय सोपा आहे. हवेला वाट द्या. पेट्रोलचा कॉक बंद करून आम्ही गाडी हळूच एका अंगावर निजवली. चाक तिरके होऊन सुटले. झालेल्या खड्ड्यात दगड, तुराट्या आणि वर पाचट भरले आणि गाडी पुन्हा उभी केली. दगड-तुराट्यांमुळे तोच भार मोठ्या क्षेत्रफळावर वाटला गेला. भार तोच, क्षेत्रफळ मोठे, म्हणून दाब कमी.

वाळूत हेच काम टायरमधली हवा कमी करून साधते. दाब अर्ध्यावर आणला, की जमिनीला टेकणारा भाग सुमारे दुप्पट होतो. पण पिशवीत पंप असल्याशिवाय हवा सोडू नये. कमी हवेवर पक्क्या रस्त्याने वेगात गेले, तर टायरची भिंत फार वाकून तापते.

दोर

पिशवीत एक मजबूत दोर असावा. एकटा माणूस त्याने काय करील? दोराचे एक टोक गाडीला आणि दुसरे झाडाच्या बुंध्याला घट्ट बांधा. सालीला इजा होऊ नये म्हणून बुंध्याभोवती गोणपाट गुंडाळा. आता दोर त्याच्या दिशेने न ओढता मधोमध धरून आडवा ओढा. दोर १० मीटरचा आहे आणि मध्यभाग ५० सेंटिमीटर बाजूला आला असे समजा. ४० किलोग्रॅम-भाराच्या ओढीने दोरात सुमारे २०० किलोग्रॅम-भाराचा ताण येतो. पाचपट!

हे फुकट मिळाले का? नाही. त्या ओढीत गाडी फक्त ५ सेंटिमीटर सरकते. तुमचा जोर शून्यापासून ४० पर्यंत वाढत गेला, म्हणजे सरासरी २०, आणि अंतर अर्धा मीटर. काम १० किलोग्रॅम-मीटर झाले. तिकडे २०० गुणिले ०.०५, तेही १०. निसर्गाची वही कधी चुकत नाही. दोर पुन्हा ताणून बांधायचा आणि पुन्हा ओढायचे. कप्पीलाही हाच नियम. हलती कप्पी जोर दुप्पट करते आणि अंतर निम्मे.

पण ताणलेला दोर म्हणजे ताणलेले धनुष्य. यंत्राने ओढताना नायलॉनचा १० मीटर दोर २ मीटर ताणला गेला आणि शेवटी ताण १,००० किलोग्रॅम-भार झाला, असे समजा. सरासरी ५०० धरली, तर त्यात सुमारे ९,८०० जूल ऊर्जा साठली. तुटताना तिचा दहावा हिस्सा जरी १ किलोग्रॅमच्या आकड्याला मिळाला, तरी त्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६० किलोमीटर होईल. म्हणून दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे, आणि माणसांनी दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे राहावे.

माझी चूक

पुढे उसाने भरलेली ट्रॉली रुतली होती. दुसरा ट्रॅक्टर मुरमाच्या पक्क्या वाटेवर उभा होता. साखळी बांधायला माणूस कमी पडला, तेव्हा मी पुढे झालो. ट्रॅक्टरचा खालचा आकडा चिखलाने माखला होता. म्हणून मी साखळी वर, छातीच्या उंचीवरच्या पिनेला अडकवली. ट्रॅक्टरने जोर घेतला. ट्रॉली हलली नाही. ट्रॅक्टरची पुढची चाके मात्र हातभर वर उठली. चालक जुना, जाणता होता. त्याने तत्क्षणी क्लच दाबला आणि चाके खाली आली. क्षणभर उशीर झाला असता, तर ट्रॅक्टर त्याच्याच अंगावर पालथा पडला असता.

अठरा वर्षे मी वर्गात परिबल शिकवतो आहे. परिबल म्हणजे बल गुणिले अंतर. ट्रॅक्टरचे वजन २,००० किलोग्रॅम आणि गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.७ मीटर पुढे धरा. त्याला सावरणारे परिबल १,४०० झाले. साखळी जमिनीपासून १ मीटर उंचीवर असेल, तर १,४०० किलोग्रॅम-भाराच्या ओढीला पुढची चाके उचलतात. पक्क्या मुरमावर एवढी पकड चाकांना मिळू शकते. साखळी ०.४ मीटरवर असती, तर त्याला ३,५०० लागले असते. एवढी ओढ बसण्याआधीच चाके घसरतात. घसरणे हेच तेथे संरक्षण असते. हे गणित मी फळ्यावर अनेकदा केले होते. त्या दिवशी चिखलाने हात माखू नयेत म्हणून ते विसरलो.

मग साखळी सोडून खालचा आकडा हातांनी साफ केला, ट्रॉलीतला थोडा ऊस उतरवला, चाकांपुढचा चिखल फावड्याने काढला आणि हळू ओढल्यावर ट्रॉली निघाली.

करून पाहा

सायकलच्या पुढच्या चाकाखाली आणि मागच्या चाकाखाली एकेक आलेख-कागद ठेवा. टायर ओले करा, मित्राला सायकल धरायला सांगा आणि वर बसा. उमटलेल्या ओल्या ठशांचे चौकोन मोजा. तुमचे व सायकलचे मिळून वजन ६० किलोग्रॅम आणि दोन्ही ठसे मिळून २५ चौरस सेंटिमीटर आले, तर दाब २.४ येईल. टायरच्या ताठपणामुळे थोडा फरक पडेल. नंतर पंक्चरवाल्याकडच्या मापकाशी ताडून पाहा. थोडी हवा सोडून पुन्हा ठसे घ्या.

पिशवीत काय असावे, हे आता तुमचे तुम्हीच ठरवू शकाल. पट्ट्या, पॉलिश पेपर, ठिगळे, सोल्युशन, पंप, दोर, गोणपाट. ही सारी स्वस्त हत्यारे आहेत. आणि कोणी साखळी बांधत असेल, तर ती किती उंचीवर आहे, हे आधी पाहा. वर दिसली, तर लाजू नका. ओरडून सांगा.