एंजिनातील तेल वाढू लागले तर

ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी रोज सकाळी एंजिनातील तेल पाहण्याची सवय पुष्कळ शेतकऱ्यांनी लावून घेतली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तेलाची पट्टी ओढून पाहताना त्यांची नजर एकाच गोष्टीचा शोध घेत असते. ती म्हणजे तेल कमी तर झाले नाही ना. खालच्या खुणेच्या वर तेल दिसले की पट्टी पुसून परत खोचली जाते आणि ट्रॅक्टर शेताकडे निघतो. तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर सहसा कोणास चिंता वाटत नाही. उलट, आपले एंजिन तेल खात नाही असे मालक चारचौघांत कौतुकाने सांगतो. वस्तुतः न ओतलेले तेल कधी वाढत नसते. पट्टीवरील पातळी चढली याचा अर्थ इतकाच की, तेलात दुसरे काही तरी येऊन मिसळले आहे. आणि डिझेल एंजिनात हे दुसरे काही तरी पुष्कळदा डिझेलच असते.

समजा, ऊस वाहतुकीसाठी लावलेल्या एका ट्रॅक्टरचे तेल दसऱ्याला बदलले. मागील हंगामात दर पंधरवड्यास त्यात अर्धा लिटर तेल घालावे लागे. यंदा कार्तिक संपला, मार्गशीर्ष निम्मा झाला, तरी तेल घालण्याची वेळ आली नाही. पौषात भर दुपारी ओझे ओढताना तेलाच्या दाबाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहू लागला. चालकाने काटाच बिघडला असे समजून त्याकडे दुर्लक्ष केले. पुढे आठ दिवसांत एंजिनातून ठोक्यांचा आवाज येऊ लागला. कारखान्यात नेऊन खोलल्यावर बेअरिंगची मेटल झिजून गेलेली आणि क्रँकवर चरे पडलेले आढळले. ऐन हंगामात ट्रॅक्टर पंधरा-वीस दिवस उभा राहिला व त्यास मोठा खर्च आला तो निराळाच. या सर्व प्रकरणात पहिली सूचना मार्गशीर्षातच मिळालेली होती. जे एंजिन नेहमी थोडे तेल खाते त्याने ते खाणे अचानक सोडले, तर ती सुधारणा नव्हे. जितके तेल जळत होते तितकेच डिझेल खाली उतरत होते, म्हणून पातळी जागच्या जागी दिसत होती. पातळी चढण्यापेक्षा ही फसवी स्थिरता अधिक घातक असते, कारण ती नजरेत भरत नाही.

थोड्या डिझेलाने इतके काय होते?

वंगणाचे मुख्य काम फिरणाऱ्या व घासणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ पण चिवट थर टिकवून धरणे हे होय. हा थर टिकतो तो तेलाच्या दाटपणावर, म्हणजे श्यानतेवर. ट्रॅक्टरमध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या १५ डब्ल्यू-४० या तेलाचा दाटपणा १०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असावा लागतो. त्याखाली ९.३ पर्यंत उतरलेले तेल ३० क्रमांकाचे गणले जाते. डिझेल मात्र ४० अंशांस, म्हणजे उन्हाळ्यातील दुपारच्या हवेइतक्या उष्णतेसही, अवघे २ ते ४.५ सेंटिस्टोक दाट असते. यामुळे शंभर भाग तेलात पाच भाग डिझेल आले, तरी ४० चे तेल ३० च्या घरात जाऊन बसते. आठ लिटर तेलाच्या एंजिनात हे पाच भाग म्हणजे केवळ ४०० मिलिलिटर, जेमतेम दोन पेले. सामान्यतः शेकडा दोन भाग डिझेल आढळल्यास सावध व्हावे आणि शेकडा पाच आढळल्यास एंजिन चालवू नये, असा संकेत पाळला जातो.

पेट्रोलच्या गाडीत थोडे पेट्रोल तेलात उतरले, तर एंजिन चांगले तापल्यावर त्यातील बराच भाग वाफ होऊन निघून जातो. डिझेलचे तसे नाही. डिझेलचा बहुतेक भाग १८० अंशांच्या वर उकळतो. एंजिनातील तेल मात्र साधारण १०० अंशांच्या आसपास तापते. म्हणून तेलात उतरलेले डिझेल तेथेच साठत राहते.

ओळखावे कसे?

तेल काळे झाले म्हणजे त्यात डिझेल आले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. डिझेल एंजिनातील नवे तेल काही तासांतच काळे पडते, कारण काजळी आपल्यात धरून ठेवणे हे त्या तेलाचे कामच आहे. रंगावरून येथे काहीच ठरत नाही.

पातळीचे माप मात्र नीट घ्यावे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, एंजिन बंद करून निदान अर्धा तास जाऊ द्यावा, पट्टी एकदा स्वच्छ कापडाने पुसून पुन्हा पूर्ण खोचावी व मग पाहावी. चढावर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरची पट्टी खोटे सांगते. हे माप रोज एकाच वेळी घेऊन तारखेसह वहीत लिहून ठेवावे. किती तेल घातले तेही लिहावे.

नंतर वास. एंजिन कोमट असताना पट्टीवरील दोन थेंब बोटांवर घेऊन चोळावेत. डिझेलचा उग्र वास व बोटांना लागणारा पातळपणा अनुभवी माणसास लगेच कळतो. तथापि, ज्याचे हात दिवसभर डिझेलने माखलेले असतात त्याचे नाक या कामी विश्वासू साक्षीदार नव्हे. घरातील दुसऱ्या कोणास वास घेण्यास सांगणे बरे.

तिसरी कसोटी कागदाची. गाळणीचा कागद किंवा शाई टिपणारा पांढरा टीपकागद घेऊन त्यावर पट्टीच्या टोकाने तेलाचा एक थेंब सोडावा. कागद खाली टेकू न देता, पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवून एक दिवस तसाच राहू द्यावा. मध्ये काजळीचा काळा ठिपका उमटतो व त्याभोवती तेल पसरते. डिझेल असल्यास सर्वांत बाहेर एक फिकट, पारदर्शक कडे दूरवर गेलेले दिसते. शेजारीच त्याच जातीच्या नव्या तेलाचा एक थेंब, आणि ९५ मिलिलिटर नव्या तेलात ५ मिलिलिटर डिझेल मिसळून केलेल्या मिश्रणाचा एक थेंब टाकला, तर तुलना करता येते. हेच तीन नमुने काचेच्या तिरप्या तुकड्यावर एकाच रेषेतून एकदम सोडले, तर कोणता पुढे धावतो हेही दिसते. तिन्ही नमुने सारखे थंड असले पाहिजेत, हे विसरू नये. तेलात काजळी फार झाली असेल तर ती तेल दाट करते व डिझेल पातळ करते. दोन्ही दोष एकमेकांस झाकून टाकतात. अशा वेळी काचेची परीक्षा निर्णायक धरू नये.

तेल तापवून त्यास काडी लावून पाहण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो कोणीही करू नये. ताज्या तेलाची वाफ पेटण्यास सुमारे २०० अंश वा त्याहून अधिक उष्णता लागते. डिझेल मिसळल्यावर ती पुष्कळच खाली येते. प्रयोगशाळेत याच गुणावरून बंद पात्रात शास्त्रीय परीक्षा केली जाते. चुलीवर तीच गोष्ट केल्यास घरास आग लागेल.

पातळी वाढण्याची अन्य दोन कारणे आधी वगळली पाहिजेत. रेडिएटरचे पाणी तेलात आले तर तेल ताकासारखे गढूळ, भुरकट दिसते, तेल ओतण्याच्या झाकणाखाली साय धरते, आणि रेडिएटरमध्ये वारंवार पाणी घालावे लागते. ज्या ट्रॅक्टरांत हैड्रॉलिकचा पंप एंजिनाच्या दंतचक्रांवर बसविलेला असतो, त्यांत पंपाचे सील फाटल्यास हैड्रॉलिकचे तेल एंजिनात येते; तेव्हा मागील पेटीतील तेल घटते व डिझेलचा वास येत नाही.

डिझेल येते कोठून?

दोष शोधण्यास एक साधी युक्ती उपयोगी पडते. संध्याकाळी ट्रॅक्टर बंद केल्यानंतर तासाभराने पातळी लिहून ठेवावी व सकाळी एंजिन सुरू न करता पुन्हा पाहावी. उभ्या ट्रॅक्टरची पातळी रात्रीत चढली असेल, तर टाकीतील डिझेल आपल्याच भाराने फीड पंपातून अथवा डिझेल पंपातून खाली झिरपत आहे, हे उघड होते. पातळी केवळ काम करतानाच वाढत असेल, तर नोझल, रिंगा किंवा चालविण्याची पद्धत यांकडे वळावे. फीड पंपाचे काही दोष चालू एंजिनातच प्रकट होतात; म्हणून रात्रीची परीक्षा निर्दोष आली, तरी त्याला पूर्ण सोडून देऊ नये.

पडद्याचा फीड पंप एंजिनाच्या अंगावरच बसविलेला असतो. त्याचा पडदा फाटला की डिझेल सरळ तेलात उतरते, आणि ते थेंबाथेंबाने नव्हे तर चांगले लिटरने उतरू शकते. पंप सोडवून, नळ्या जोडलेल्या ठेवून हाताच्या दांडीने चालवावा; खालच्या बाजूने डिझेल ठिबकले की निदान झाले. या पडद्याची किंमत एंजिनाच्या दुरुस्तीपुढे नगण्य असते. डिझेल पंपाचा दांडा जेथे एंजिनाच्या दंतचक्रांत शिरतो तेथील सील झिजल्यानेही हेच होते. पंपाचे काम मात्र त्याच्या खास कारखान्यातच करावे.

विहिरीवरील एकसिलिंडरी एंजिनांत टाकी उंचावर असते, व कित्येकांत फीड पंपच नसतो. डिझेल पंपाचा दट्ट्या झिजला की रात्रभर झिरप चालू राहते. एंजिन बंद केल्यावर टाकीची तोटी बंद करण्याची सवय एवढ्याचसाठी हवी.

नोझलचा दोष अधिक सामान्य आहे. चांगले नोझल डिझेलची धुक्यासारखी फवार मारते व झटक्यात बंद होते. झिजलेले नोझल फवारणीनंतरही लाळ गाळते. हे न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि रिंगांच्या बाजूने खाली उतरते. म्हणजे तेलही बिघडते आणि लायनरही कोरडा घासतो. सकाळी सुरू करताना पांढरा धूर, अडखळत चालणे, एका ठोक्याचा निराळा आवाज ही त्याची चिन्हे. नोझलची तपासणी यंत्रावरच करावी व फवाऱ्यापुढे हात मुळीच धरू नये. तो बारीक फवारा कातडी फोडून शरीरात शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते. जुन्या एंजिनांवर नळ्यांच्या चक्क्या एकेक सैल करून कमजोर सिलिंडर शोधण्याची रीत आहे. नव्या कॉमन रेल एंजिनांत दाब हजार बारच्याही पलीकडे असल्यामुळे ती तेथे कदापि वापरू नये.

काही वेळा यंत्रात दोष नसतोच. कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि थंडीच्या रात्री ट्रॅक्टर तासन् तास मंद गतीने चालू ठेवले जातात. थंड एंजिनात डिझेल पुरते जळत नाही व भिंतीवरून खाली उतरते. त्यातच एंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड पुष्कळ मिस्त्रींना असते. त्यामुळे एंजिन उन्हाळ्यात एखादे वेळी थंड राहत असेल, पण हिवाळ्यात ते कधीच योग्य उष्णतेस येत नाही. तेल बदलताना डिझेल घालून एंजिन धुण्याची चालही अशीच. धुतलेले डिझेल सगळे बाहेर येत नाही व नव्या तेलात पहिल्याच दिवशी भेसळ होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा ६ च्या डिझेल मोटारींत व पिकअपमध्ये धुरातील काजळी जाळण्यासाठी पुष्कळदा एंजिनातच जादा डिझेल सोडले जाते. बाजारापुरत्या लहान लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे जळणे अर्धवट राहते व तेल वाढते, म्हणून अशा गाडीचे तेलही वेळोवेळी पाहावे.

तेल फार वाढले असता

डिझेलने वाढलेले तेल एंजिनाच्या श्वासनळीतून किंवा रिंगांवरून वर ओढले गेले, तर एंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. मग वेग आपोआप वाढत जातो, दाट धूर निघतो, आणि बंद करण्याची दांडी ओढूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवा घेण्याचे तोंड जाड फळी किंवा चांगली घडी केलेले जाड पोते दाबून बंद करावे. तळहात लावू नये. जवळ जाणे शक्य नसेल तर माणसे दूर न्यावीत. यास्तव वरच्या खुणेच्या पुष्कळ वर गेलेल्या तेलावर एंजिन सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा.

दुरुस्तीनंतर

वाढलेले तेवढे तेल काढून टाकले म्हणजे झाले, असे नाही. उरलेले तेलही पातळच असते. दोष दूर केल्यावर सर्व तेल गरम असताना सोडावे, तेलाचा फिल्टर बदलावा व पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचे नवे तेल भरावे. दोष दूर न करता तेल बदलणे म्हणजे पैसे मातीत घालणे. संशय उरल्यास तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. तो एंजिन चालवून तापल्यानंतर लगेच, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. तळातून काढताना पहिली धार सोडून द्यावी. बाटलीवर तेलाचा क्रमांक, बदलल्यापासूनचे तास आणि ट्रॅक्टरचा नमुना लिहावा, व सोबत नव्या तेलाची लहान बाटली द्यावी. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ पासून चालत आलेल्या केंद्रीय संस्थेत शेतीयंत्रांची निगा व दुरुस्ती यांचे शिक्षण दिले जाते. ज्या तरुणास या कामाची आवड असेल त्याने तेथील वर्गांची चौकशी करावी.

काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, तसेच ते जळणात घालू नये. झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे. नवे तेल भरल्यानंतर दहा दिवस रोजची पातळी वहीत लिहीत राहावे, आणि दहाव्या दिवशी कागदावर एक थेंब पुन्हा टाकून पाहावा.