सायकल, ऊन आणि घाम

मे महिन्यातली दुपार. सायकल पळते आहे तोवर अंगाला वारा लागतो, घामही फारसा जाणवत नाही. पण तुम्ही थांबलात, की लगेच घामाच्या धारा सुरू! असे का बरे होते?

पायडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. समजा, तासाभरात अशी २०० किलोकॅलरी उष्णता तयार झाली. ती सगळी अंगातच साठली, तर ५० किलो वजनाच्या मुलाचे तापमान ३७ अंशांवरून ४१ अंशांच्या पुढे जाईल!

तसे होत नाही, ते घामामुळे. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे २०० किलोकॅलरी बाहेर टाकायला साधारण ३५० ग्रॅम घाम वाळायला हवा. नुसता निथळून उपयोग नाही. सायकल चालू असताना वाऱ्याने घाम भराभर वाळतो. थांबलात, की वारा थांबतो. अंग मात्र तापलेलेच असते.

कोकणच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून जीव कासावीस होतो. विदर्भात उलट प्रकार. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी. घाम येताक्षणी वाळतो आणि अंगातले किती पाणी गेले ते कळतच नाही. शिवाय त्वचेहून गरम असलेला वारा अंगाला उष्णताच देतो. मग सारी भिस्त घामावर आणि घामाची पाण्यावर!

तेव्हा सायकल सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढा. कपडे सैल, सुती, फिक्या रंगाचे घाला. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्या. लांबच्या फेरीत मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत घ्या. घामाबरोबर मीठही जाते.

डोके दुखू लागले, मळमळले, पायांत गोळे आले, तर तिथेच उतरून सावलीत बसा. सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नका. घामाने जे काम सोडून दिले, ते तेवढा वेळ तुम्हालाच करायचे आहे.