स्वयंसेवी संस्थांचा देणगीदारांशी संवाद आणि निधिसंकलनाची पुनर्रचना

स्वयंसेवी संस्थेच्या निधिसंकलनाचा विचार बहुधा ‘पैसा कोठून आणावा’ या प्रश्नापासून सुरू होतो. वस्तुतः दिलेल्या पैशाचे काय झाले, हे देणाऱ्यास कोणी सांगितले काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. महाराष्ट्रातील जुन्या लोकवर्गणीत हे दोन्ही प्रश्न एकत्रच सुटत असत. मुष्टिफंडाच्या प्रथेत गृहिणी रोजच्या स्वयंपाकातील मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी व कार्यकर्ता ते नेण्यास येई. धान्य थोडेच, परंतु त्याच भेटीत संस्थेची खबरबात घरी पोहोचे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने लोकांकडून पैसा-पैसा जमविला आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा केला. वर्गणीचे फळ डोळ्यांनी पाहता येत होते. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली. तरीही कर्वे यांनी पुढे सत्तरी ओलांडल्यावर युरोप-अमेरिका व आफ्रिकेचे दौरे केले. एका मोठ्या दात्यावर विसंबून राहण्यातील धोका त्यांनी ओळखला असावा.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ मुळे विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचा किमान २ टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक झाले. हा निधी स्वागतार्ह आहे. मात्र तो प्रकल्पाशी बांधलेला असतो आणि प्रकल्पाबरोबर संपतो. अशा वेळी संस्थेस आधार असतो तो वर्षानुवर्षे पाचशे-हजार रुपये पाठविणाऱ्या सामान्य दात्याचा, आणि नेमका तोच विस्मरणात जातो.

२०१६ नंतर यूपीआयमुळे देणे सुलभ झाले. पण त्यातून एक नवीच अडचण उद्भवली. भिंतीवरील क्यूआर कोडवरून रक्कम खात्यात जमा होते, दात्याचा पत्ता मात्र मिळत नाही. पत्ता नाही म्हणून पावती नाही, आणि पावती नाही म्हणून पुढील पत्रही नाही. २०२१-२२ पासून करसवलतपात्र देणग्यांचे देणगीदारनिहाय विवरण १०बीडी या नमुन्यात आयकर विभागाकडे देणे बंधनकारक झाले. त्यामुळे ही नोंद आता केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही.

‘८०जी अंतर्गत सवलत’ हे मार्च महिन्यातील आवाहनांचे ठरीव वाक्यही तपासून पाहावयास हवे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूलनिवड ठरली आणि तीत ही वजावट मिळत नाही. केवळ सवलतीसाठी देणारा दाता तेथे गळून पडणार. कार्यासाठी देणाऱ्यास राखणे संस्थेच्या हाती आहे.

पुनर्रचनेचा आरंभ जुन्या पावतीपुस्तकांपासून करणे इष्ट. सलग तीन वर्षे देऊन नंतर थांबलेले दाते कोण, हे त्यांतून कळते. त्यांना छापील आवाहनाऐवजी त्यांच्या भाषेत, त्यांच्या मागील देणगीचा उल्लेख असलेले पत्र जावे व त्यात पैशाची मागणी नसावी. फसलेल्या उपक्रमाचीही माहिती दिल्यास विश्वास बहुधा वाढतोच. लेखापरीक्षित ताळेबंद धर्मादाय कार्यालयासाठी पुरेसा असला, तरी दात्यास तो क्वचितच उलगडतो. त्यास एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या खर्चाचा साधा हिशेब हवा असतो. या हिशेबात पुस्तके व भोजन यांच्याबरोबर लेखनिकाचे वेतन आणि विजेचे देयकही स्पष्टपणे मांडावे. अन्यथा पुस्तकांसाठी आलेला निधी पडून राहतो आणि कार्यालयाचे वेतन थकते.