सुदानची ज्वारी आणि पायातला काटा

सुदानमध्ये ज्वारीला 'दुरा' म्हणतात. पीठ भिजवून, रात्रभर आंबवून, तापलेल्या तव्यावर कागदासारखी पातळ पसरलेली तिची 'किसरा' तिथल्या ताटात रोज असते. आपल्याकडे भाकरी थापतात, तिकडे किसरा पसरतात. धान्य मात्र एकच, आणि त्याचे मूळ गाव आफ्रिकेच्या ईशान्य भागात आहे. पूर्व सुदानात कसाला शहराच्या बाजूला मातीच्या जुन्या खापरांवर ज्वारीच्या दाण्यांचे आणि भुश्याचे ठसे सापडले. ते पाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. माणसाने पेरलेल्या ज्वारीचा इतका जुना पुरावा दुसरीकडे मिळालेला नाही. तिथूनच ती समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली. शास्त्रज्ञ ज्वारीचे पाच मुख्य गट मानतात, त्यांतल्या एकाचे नावच 'दुर्रा' आहे. सोलापूर-मंगळवेढ्याची मालदांडी त्याच गटातली.

सुदानची बातमी आपल्यापर्यंत येते ती तंबू, उपासमार आणि बंदुकांची. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानचा शेवटचा अशरा चालू असताना, तिथले लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' ही निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडली. एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली. त्यांच्यासाठी आपण दुआ करतो, जमेल तशी मदतही पाठवतो. पण या लढाईत आणखी एक गोष्ट उद्ध्वस्त झाली आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी लिहिले नाही. गोरगरिबांच्या धान्यावर आणि गोरगरिबांच्या आजारावर तिथे कित्येक दशके चाललेले संशोधन मोडून पडले.

निळी नाईल आणि पांढरी नाईल खार्तूमला एकत्र येतात. त्याआधी दोघींच्या मधे जो सपाट काळ्या मातीचा पट्टा आहे त्याला 'जझीरा' म्हणतात. अरबीत जझीरा म्हणजे बेट. आपल्या मुरूडच्या जंजिऱ्याचे नावही याच शब्दावरून पडले. १९२५ साली सेन्नारचे धरण झाले, कालवे निघाले आणि पुढे वाढत वाढत वीस लाख एकरांहून जास्त जमीन पाण्याखाली आली. इंग्रजांनी हा खटाटोप सुदानी माणसाच्या पोटासाठी केला नव्हता, त्यांना गिरण्यांसाठी कापूस हवा होता. तरी कापसाच्या निमित्ताने वाद मदनी या गावी शेती संशोधन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर सुदानी शास्त्रज्ञांनी ते हाती घेतले आणि आपल्या ज्वारी-बाजरी-तिळाकडे वळवले. वाद मदनी हे देशाच्या शेती संशोधनाचे मुख्य ठिकाण बनले.

ज्वारीच्या बाबतीत तिथे घडलेली गोष्ट जगाने गौरवली आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या वतीने इथिओपियाचे तरुण शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा १९७९ मध्ये सुदानला आले. स्वतः ते गवताने शाकारलेल्या मातीच्या झोपडीत वाढलेले. आपल्याकडे संकरित ज्वारी १९६४ सालीच आली होती आणि 'हायब्रीड' हा शब्द खेड्यापाड्यांत रुळलाही होता. सुदानात मात्र अशी जात नव्हती. एजेटा आणि सुदानी सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये 'हगीन दुरा-१' ही जात शेतकऱ्यांच्या हाती दिली. ती दुष्काळात तग धरणारी होती, जुन्या वाणांपेक्षा दीडपट ते दुप्पट उतारा देणारी होती आणि तिची किसराही चांगली होई. हा शेवटचा गुण लहान समजू नये. हायब्रीडची भाकरी तोंडाला लागत नाही म्हणून आपल्या कितीतरी घरांनी ती नाके मुरडत खाल्ली, हे जुन्या माणसांना आठवत असेल.

पुढे एजेटा यांनी टारफुल्याचा माग काढला. जांभळट फुलांचे हे तण ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस पिते. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि वर्षानुवर्षे मातीत निपचित पडून राहते. जवळ ज्वारीचे मूळ आले, त्यातून विशिष्ट द्रव्य पाझरले, की मगच ते उगवते. जी ज्वारी हे द्रव्य कमी सोडते तिच्या वाट्याला टारफुला कमी येतो. ही खूण पकडून नव्या जाती तयार झाल्या. २००९ सालचा जागतिक अन्न पुरस्कार एजेटा यांना मिळाला तो या दोन्ही कामांसाठी.

कालव्यांनी मात्र दुखणीही आणली. साठलेल्या पाण्यात डास आले, मलेरिया वाढला. पाण्यातल्या गोगलगायींतून बिलहार्झियाचे जंतू माणसाच्या कातडीतून आत शिरू लागले. कालव्यात पोहणारी मुले रक्ताची लघवी करू लागली. त्यासाठी १९७९ मध्ये दहा वर्षांची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली.

पण सुदानचे नाव वैद्यकात खऱ्या अर्थाने झाले ते एका काट्यामुळे.

बाभळीच्या झाडांत गुरे चारणारा, अनवाणी चालणारा मुलगा. पायात काटा मोडतो, निघतो, विसरला जातो. काही महिन्यांनी तिथे एक टणक गाठ येते. ती दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. दुखत नाही म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. वर्षे जातात, गाठ पसरते, तिला भोके पडतात, त्यांतून पू आणि खसखशीसारखे काळे दाणे बाहेर येतात. तोवर बुरशी हाडापर्यंत गेलेली असते. या रोगाचे नाव मायसेटोमा. एका माणसाचा दुसऱ्याला तो होत नाही, तरी लोक लांब सरतात, पोराची शाळा सुटते, पोरीचे लग्न अडते.

हा आजार आपल्यालाही परका नाही. मदुराईत दिसला म्हणून त्याला 'मदुरा फूट' म्हणत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी तो बुरशीमुळे होतो हे मांडले आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर शतकभर या रोगाकडे औषध कंपन्यांनी फारसे पाहिले नाही. पाहतील कशाला? रोगी अनवाणी, खिसा रिकामा.

१९९१ साली खार्तूम विद्यापीठाचे प्रा. अहमद हसन फहल यांनी सोबा इस्पितळात मायसेटोमा संशोधन केंद्र सुरू केले. दहा हजारांहून अधिक रोगी तिथे नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आपले सहयोगी केंद्र मानले आणि २०१६ मध्ये हा रोग दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला. यामागे फहल यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. सेन्नार प्रांतातल्या वाद ओन्सा गावी केंद्राने शाखा काढली. गाठ लहान असतानाच तिथल्या तिथे काढून टाकता यावी, हा हेतू.

इलाज सोपा नव्हता. इट्राकोनाझोलच्या गोळ्या रोज, वर्षभर किंवा त्याहून जास्त, आणि त्या महाग. पुष्कळ जण अर्ध्यात सोडत आणि शेवटी पाय कापावा लागे. मग २०१७ मध्ये याच केंद्रात १०४ रोग्यांवर एक चाचणी सुरू झाली. जपानमध्ये नखांच्या बुरशीसाठी विकसित झालेले फॉसराव्हुकोनाझोल हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे होते. बुरशीच्या मायसेटोमावर अशी काटेकोर तुलना करणारी ही जगातली पहिलीच चाचणी. नवे औषध जुन्याइतकेच गुणकारी ठरले. आठवड्याला एक दिवस गोळी, हा रोज मजुरीला जाणाऱ्या माणसाला केवढा दिलासा आहे!

चाचणीचे निष्कर्ष जगासमोर आले त्याच सुमारास खार्तूममध्ये गोळीबार चालू होता. लढाईत केंद्र बेचिराख झाले. चाळीस वर्षांच्या नोंदी आणि रोग्यांच्या गाठींतून जपून ठेवलेले नमुने गेले. इमारत पुन्हा बांधता येते, पण १९९५ साली एखाद्या गुराख्याच्या पायातून काढलेला नमुना पुन्हा मिळवता येत नाही.

वाद मदनीवरही तीच वेळ आली. तिथल्या राष्ट्रीय बियाणे पेढीत पंधरा हजारांहून अधिक वाण होते. त्यांत ज्वारीच्या अशा जाती होत्या, ज्या शेतातून केव्हाच नाहीशा झाल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये शहर पडले आणि पेढी लुटली गेली.

हजरत यूसुफ (अ.) यांनी याच नाईलच्या काठी, उत्तरेला मिसरमध्ये, सुबत्तेच्या वर्षांचे धान्य कणसातच राखून ठेवायला सांगितले होते. कुरआनातला हा किस्सा आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. सुदानी शास्त्रज्ञांनी तेच केले. जे बियाणे वाचवता आले त्यातला काही भाग, ज्वारीच्या वाणांसह, फेब्रुवारी २०२५ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरच्या कोठारात पोहोचला. उत्तर ध्रुवाजवळ, डोंगराच्या पोटात, उणे १८ अंशांत.

आपल्या घरातल्यांसाठी एवढे सांगून ठेवतो: शेतात, बाभळीच्या रानात जाताना पायात चप्पल-बूट हवेतच. पाय किंवा हातावर जुन्या काट्याच्या जागी न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ दिसली तर ती घरी कापू नये, त्यावर डाग देऊ नये, सरळ सर्जनला दाखवावी. या रोगाचा एक प्रकार बुरशीचा नसून जिवाणूंचा असतो आणि तो अँटिबायोटिकने चांगला बरा होतो. कोणता आहे हे तपासणीशिवाय कळत नाही.

स्वालबार्डच्या कोठाराचा एक नियम आहे: पेटी ज्याने ठेवली त्याचीच ती राहते, दुसऱ्याला उघडता येत नाही. सीरियातल्या युद्धात हलेबजवळची बियाणे पेढी शास्त्रज्ञांच्या हातून गेली, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी तिथून आपल्या पेट्या परत मागवल्या आणि लेबनॉन व मोरोक्कोत ते बी पुन्हा पेरले. वाद मदनी जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांच्या हातून सुटले. सुदानच्या पेट्या अजून डोंगरात आहेत, त्यांच्यावर सुदानचेच नाव आहे.