सहल मुठेकाठची, प्रश्न घरच्या नळाचा

पुणे, प्रतिनिधी - दिवाळीची सुटी संपली, की प्राथमिक शाळांना सहलीचे वेध लागतात. 'परिसर अभ्यास' या विषयात पाणी आणि नदी येतातच. त्यामुळे मुलांना मुठा नदी दाखवावी, असे शिक्षक ठरवितात. बस खडकवासल्याला जाते. मुले जलाशय पाहतात, भाजलेले कणीस खातात आणि परततात. दुसऱ्या दिवशीच्या निबंधात नदी 'जीवनदायिनी' होते. शाळेजवळून वाहणारी तीच नदी पाहण्यासाठी मात्र बस क्वचितच थांबते.

वास्तविक सहलीचा दुसरा थांबा ओंकारेश्वराजवळच्या नदीकाठी हवा. तेथे मुले हमखास विचारतात, पाणी काळे कसे झाले? 'लोक घाण टाकतात' हे उत्तर अपुरे आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते. त्यातील काही शुद्ध होऊन पुणेकरांच्या नळाला येते, तर काही कालव्याने दौंड, इंदापूरकडे शेतीसाठी जाते. पावसाळा सरला, की नदीपात्रात पाणी सोडणे सामान्यतः थांबते. त्यानंतर शहरातील पात्रात जे वाहते, त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. थोडक्यात, मुलांनी सकाळी ज्या पाण्याने अंघोळ केली, तेच गटारांतून पुन्हा त्यांच्यापुढे आलेले असते. चौथीतील मुलाला हे सहज समजते. फक्त ते सांगावे लागते.

मोजमापासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काठावर दहा मीटर अंतरावर दोन खुणा करून वाळलेले पान प्रवाहात सोडायचे आणि ते किती सेकंदांत पुढे जाते, हे घड्याळात पाहायचे. वीस सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. भागाकाराचे हे उदाहरण मुले विसरत नाहीत. दोन्ही ठिकाणचे पाणी पारदर्शक बाटल्यांत भरून मागे छापील कागद धरला, की अक्षरे कोणत्या बाटलीतून वाचता येतात, ते दिसते.

खरा फरक मात्र डोळ्यांना न दिसणारा आहे. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावरच जगतात. सांडपाण्यातील मैला आणि अन्नाचे अंश कुजविणारे जिवाणू हाच प्राणवायू वापरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू आवश्यक आहे. तो संपला, की गाळातून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मुले नाक दाबतात, तेव्हा हसण्यावारी न नेता त्यांना हे कारण सांगावे. पात्रात जलपर्णी माजली असेल, तर तीही सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर पोसलेली असते.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. खडकवासल्याच्या जलाशयात मुलांना उतरू देऊ नये. शांत दिसणारे पाणी अचानक खोल होते. शहरातील पाणी शिक्षकांनीच हातमोजे घालून, दोरी बांधलेल्या बादलीने काढावे आणि डब्यापूर्वी सर्वांचे हात साबणाने धुवावेत. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. पावसाळ्यात, धरणातून विसर्ग सुरू असताना, अशी सहल काढूच नये.

परतल्यावर निबंधाऐवजी एक वेगळा गृहपाठ देता येईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो दिवस आठवणारे आजी-आजोबा किंवा शेजारी आजही अनेक वाड्यांत, सोसायट्यांत आहेत. पाणी कोठपर्यंत आले होते, हे मुलांनी त्यांना विचारावे आणि शहराच्या नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढून आणावी. आपली शाळा त्या रेघेच्या आत आहे की बाहेर, हे वर्गात सर्वांनी मिळून पाहावे.