हार्डवेअर स्कॅन संपतच नाही? कॉम्प्युटर कोणाची वाट पाहतोय ते शोधा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दाबलं आणि चक्र फिरतच राहिलं? दोष बहुतेकदा प्रोसेसरचा नसतो. विंडोज जोडलेल्या उपकरणांना 'तू कोण?' असं विचारतं. एखाद्याने उत्तरच दिलं नाही, तर थांबून पुन्हा विचारतं. वेळ जातो तो इथे.

आधी कीबोर्ड-माउस सोडून सगळी यूएसबी उपकरणं काढा, हबसुद्धा. रिस्टार्ट करून स्कॅन करा. आता पटकन झाला? मग एकेक परत जोडा. जिथे अडकेल, तिथलं उपकरण, केबल किंवा पोर्ट बिघडलेला आहे.

फरक पडला नाही, तर इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टिम लॉग उघडा. 'डिस्क'च्या नावावर 7 किंवा 153 क्रमांकाच्या नोंदी सतत दिसल्या, तर हार्ड डिस्क धोक्यात असू शकते. आधी बॅकअप घ्या, दुरुस्ती नंतर!